चेक इंजिन लाईट जाता जात नव्हता, कुमठा नाक्याकडच्या ह्या गॅरेजनं कारण शोधून दिलं

पाचपैकी पाच स्टार देतेय आणि का देतेय ते जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण आपल्या सोलापुरात दहा-पंधरा वर्षं जुन्या पेट्रोल गाड्या खूप आहेत आणि त्यातल्या कितीतरी गाड्यांच्या डॅशबोर्डवर तो पिवळा इंजिनचा लाईट कायमचा पेटलेला असतो, मालक त्याच्याकडं बघायचंच सोडून देतात. कुणीतरी सांगितलेलं असतं, सेन्सरचं आहे, जुनी गाडी आहे, चालतंय. माझ्या गाडीचं पण तेच चाललं होतं. कुमठा नाक्याकडच्या ह्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा कुणीतरी पार्ट बदलायच्या आधी नीट तपासलं, आणि तपासणीचे पैसे वेगळे किती होतील ते आधीच सांगितलं, मला हे सगळ्यात जास्त आवडलं.

गाडी २०११ची पेट्रोल हॅचबॅक, बाराशे सीसी, वडिलांनी हौसेनं घेतलेली, आता मी वापरते. मोहोळला कॉलेजला जाऊन येऊन असते त्यामुळं पुणे हायवेवर बरंच रनिंग होतं. हायवेला गाडीची काहीच तक्रार नव्हती, पिकअप ठीक, आवाज नाही, टेम्परेचर बरोबर. लाईट तेवढा पेटलेला. आणि एक बारीक गोष्ट म्हणजे संध्याकाळी गावात शिरल्यावर जुन्या पुणे नाक्याला किंवा सात रस्त्याला एसी लावून थांबलं की स्टेअरिंगला हलकी थरथर जाणवायची, सकाळी थंड गाडीला ती जवळजवळ नसायची, इंजिन तापलं की यायची. ॲव्हरेज पण थोडं उतरलेलं. पीयूसी मात्र पास होत होती, त्यामुळं घरातले सगळे म्हणायचे की जाऊ दे.

ह्याआधी जिथं जिथं दाखवली तिथं साधारण एकच प्रकार झाला. स्कॅनर लावायचा, गाडीनं नोंदवून ठेवलेला बिघाडाचा कोड बघायचा, उडवायचा, झालं बघा मॅडम म्हणायचं, आणि थोडं चालवलं की लाईट परत हजर. एका ठिकाणी स्कॅनर पण नाही, बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवलं आणि परत लावलं, त्यानं लाईट गेला पण घड्याळ आणि रेडिओ पण रीसेट झाला आणि पुढचे काही दिवस आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असताना इंजिनचं चालणं, आणखीच विचित्र. मग एका मोठ्या दिसणाऱ्या गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर बदलला, ३,८०० रुपये, का तर कोड पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा आहे आणि मिश्रण कसं आहे ते ऑक्सिजन सेन्सरच सांगतो. लाईट परत आल्यावर तिथंच सांगितलं की आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनचा धूर स्वच्छ करणारा पार्ट, बदलावा लागेल, तीस हजारांच्या घरात जाईल, नाहीतर मीटर उघडून बल्ब काढून टाकतो. बल्बचं ऐकलं आणि मी गाडी घेऊन निघाले. कारण उद्या खरंच काही मोठं झालं तर सांगणार कोण?

आमच्या कॉलेजातल्या एका सरांनी ह्या मिस्त्रींकडं पाठवलं. बाहेरून बघाल तर साधा पत्र्याचा शेड आहे, पुढं दोन-तीन गाड्या उभ्या, आत एका टेबलावर लॅपटॉप आणि त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर. मिस्त्री पन्नाशीचे असतील, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी गेले तर त्यांनी स्कॅनरला हातच लावला नाही, आधी प्रश्न. लाईट कवा लागला पहिल्यांदा, गाडी थंड असताना का तापल्यावर, पेट्रोल भरल्यावर लगेच लागला होता का, एसी लावल्यावर इंजिन हलतंय का, ऑईल खातीय का, लाईट कधी लुकलुकलाय का नुसता पेटून राहतो. पेट्रोल भरल्यानंतरचा प्रश्न मला कळला नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले टाकीचं झाकण नीट बसलं नाही तर काही गाड्यांत पेट्रोलच्या वाफेच्या लाईनचा कोड येतो, झाकण घट्ट करून काम संपतं, मग उगाच गाडी कशाला उघडायची.

मग विचारलं, "ताई, मागच्या वेळी कोड उडवला ते कवा?" मी सांगितलं की अलीकडं नाही उडवला, तर ते खूश झाले. "बरं झालं. कोड उडवला की पुरावा जातोय सगळा."

हा पुरावा म्हणजे काय ते त्यांनी लॅपटॉपवर दाखवलं आणि ही गोष्ट प्रत्येक गाडीवाल्यानं समजून घ्यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. लाईट पेटतो त्या क्षणाला गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, त्या वेळचे आकडे साठवून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, स्पीड किती, लोड किती. माझ्या गाडीत होतं पाणी ९४ डिग्री, आरपीएम ७६०, स्पीड शून्य. म्हणजे गाडी तापलेली आणि जागेवर उभी, सिग्नलला असते तशी. एवढ्यावरून अर्धा तपास झाला, आणि आधीच्या प्रत्येक ठिकाणी हेच आकडे पहिल्या दोन मिनिटांत पुसून टाकले जात होते.

कोड होता पी०१७१. इंजिनचे कोड पी नं सुरू होतात, ब्रेक-सस्पेन्शनवाल्या भागाचे सी नं, बॉडीचे बी नं आणि आपापसातल्या वायरिंग-नेटवर्कचे यू नं, आणि त्या अक्षराच्या लगेच पुढचा आकडा शून्य असला की तो सगळ्या कंपन्यांना सारखा कोड. पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन आहे, हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. मामांचं वाक्य जसंच्या तसं लिहिते: "हवा जास्त ओढालीय का पेट्रोल कमी येऊ लागलंय, ते कोड सांगत नाही. ते आपण शोधायचं. कोडमधी पार्टचं नाव आहे का कुठं?" खरंच नाहीये. ऑक्सिजन सेन्सरनं सांगितलं की मिश्रण लीन आहे, आणि आधीच्या गॅरेजनं सांगणाऱ्यालाच बदलून टाकलं.

पुढचं काम मी बाजूला उभं राहून पूर्ण बघितलं, त्यांनी बघू दिलं, उलट स्क्रीन माझ्याकडं वळवून ठेवली. गाडी चालू करून पूर्ण तापू दिली आणि मग फ्युएल ट्रिमचे आकडे लावले. ईसीएमकडं ठरलेला हिशोब असतो की एवढी हवा आली तर एवढं पेट्रोल सोडायचं, आणि ऑक्सिजन सेन्सर सांगतो त्याप्रमाणे तो त्यात प्लस-मायनस करत राहतो, हे प्लस-मायनस म्हणजे ट्रिम. शॉर्ट टर्म म्हणजे आत्ताचं, लाँग टर्म म्हणजे सवयीनं लागलेलं. चांगल्या गाडीत दोन्हीची बेरीज शून्याच्या आसपास, दहा टक्के इकडं-तिकडं चालतं. माझ्या गाडीत आयडलला लाँग टर्म +२१ आणि शॉर्ट टर्म +४ च्या आसपास, म्हणजे पंचवीस टक्के जास्त पेट्रोल सोडून गाडी कशीबशी बॅलन्स ठेवत होती. साधारण ह्याच आकड्याच्या आसपास बऱ्याच गाड्यांत ईसीएम हात टेकतो आणि लाईट पेटवतो.

मग त्यांनी पोराला ॲक्सिलरेटर दाबून २,५०० आरपीएमला धरायला सांगितलं. आकडे उतरायला लागले, वीस, पंधरा, बारा, आणि बेरीज +९ ला येऊन थांबली. ॲक्सिलरेटर सोडला की परत वर. दोन-तीनदा करून दाखवलं.

ह्याचा अर्थ असा. आमच्या गाडीत एअर फिल्टरच्या लगेच पुढं हवा मोजणारा सेन्सर आहे, एअर फ्लो सेन्सर. तो जेवढी हवा मोजतो तेवढ्याच हिशोबानं पेट्रोल जातं. त्याच्या पुढं कुठं चीर असेल तर तिथून चोरून शिरणारी हवा मोजलीच जात नाही. आयडलला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद, आत व्हॅक्यूम जोरात, एकूण हवा थोडी, त्यामुळं ही चोरटी हवा टक्केवारीत मोठी दिसते. रेस केली की मोजून येणारी हवा इतकी वाढते की चिरेतनं येणारी त्यात किरकोळ होते. म्हणजे आयडलला ट्रिम जास्त आणि रेसला कमी, तर हवेची गळती. ह्याच्या उलट, रेसला किंवा चढाला ट्रिम वाढत जात असेल तर पेट्रोलचा पंप, फिल्टर, इंजेक्टर बघायचे, नाहीतर एअर फ्लो सेन्सर घाण झालेला असू शकतो. मी हायवेला तक्रार नाही म्हणाले होते ते इथं जुळलं. मामांनी हे पण स्पष्ट सांगितलं की ज्या गाड्यांत एअर फ्लोच्या ऐवजी मॅप सेन्सर असतो तिथं हा हिशोब असाच्या असा लागू होत नाही, कारण तो मॅनिफोल्डमधलं, म्हणजे इंजिनला हवा नेणाऱ्या नळ्यांमधलं, प्रेशर मोजतो आणि गळतीची हवा पण त्याच्या हिशोबात येते, तिथं बहुतेक वेळा लीनचा कोड न येता आयडल आरपीएमच वाढतो. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीला जे निघालं तेच आपल्या गाडीला निघेल असं धरून चालू नका.

आता गळती आहे हे कळलं, पण कुठं. बऱ्याच ठिकाणी चालू इंजिनवर कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून आवाज बदलतो का बघतात. मामा ते करत नाहीत, गरम एक्झॉस्टवर तो स्प्रे पडला तर पेट घेऊ शकतो. त्यांच्याकडं धुराची पेटी आहे, स्वतः बनवलेली. जाड पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा, तळाला थोडं मिनरल ऑईल, आत डिझेल गाडीचा ग्लो प्लग बसवलेला, त्याला बॅटरीचे १२ व्होल्ट दिले की ऑईलचा दाट पांढरा धूर होतो आणि अगदी कमी प्रेशरच्या हवेनं तो नळीतून पुढं ढकलला जातो. प्रेशर जास्त दिलं तर सील उडतात म्हणून मध्ये रेग्युलेटर आहे. इंजिन बंद केलं, एअर फिल्टरकडचं तोंड रबरी बूच लावून बंद केलं आणि ब्रेक बूस्टरची व्हॅक्यूम नळी काढून तिथून धूर आत सोडला. इंजिन गरम असतानाच केलं, कारण थरथर गरम झाल्यावरच येत होती.

थोडा वेळ काहीच नाही. मामा टॉर्च घेऊन वाकलेले, पोरगा दुसऱ्या बाजूनं मोबाईलचा उजेड धरून. मग इंजिनच्या मागच्या अंगाला, जिथं हात पण नीट जात नाही अशा जागी, एक दोऱ्याएवढी बारीक धुराची रेघ वर यायला लागली. मामांनी मला बोलावून दाखवली. धूर येत होता तो पीसीव्ही, म्हणजे इंजिनमधल्या ऑईलच्या वाफा ओढून घेणाऱ्या, व्हॉल्व्हकडून मॅनिफोल्डला जाणारा वळणाचा रबरी पाईप होता, आपल्याकडं सगळे ब्रीदर पाईप म्हणतात तो. वरून बघितलं तर एकदम चांगला. काढून माझ्या हातात दिला तेव्हा कळलं, खालची बाजू ऑईलच्या वाफेनं फुगून मऊ, चिकट झालेली आणि वळणाच्या पोटात बोटाच्या पेराएवढी चीर. थंड असताना चीर मिटलेली राहते, गरम झाल्यावर रबर ढिलं पडून व्हॅक्यूमनं उघडते. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४२-४३ डिग्री, त्यात बॉनेटच्या आतली गरमी, त्यात चौदा-पंधरा वर्षांचं रबर. मामा म्हणाले जुन्या गाडीत लीनचा कोड आला की सगळ्यात आधी रबर बघायचं, सेन्सर नंतर.

नवीन पाईप त्यांनी त्याच दिवशी मागवला, ३४० रुपयांचा. बाजूच्या दोन छोट्या व्हॅक्यूम नळ्या पण कडक झाल्या होत्या, त्या मला विचारून बदलल्या. परत धूर सोडून कुठून येत नाही ना ते बघितलं, मग कोड आणि जुने ट्रिम क्लिअर केले, गाडी चालू केली. आयडलला बेरीज सात-आठ, रेसला पण सात-आठ. एसी लावला, थरथर नाही. ऑक्सिजन सेन्सरचा ग्राफ लावून दाखवला, कन्व्हर्टरच्या पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये भरभर वर-खाली होतोय आणि कन्व्हर्टरच्या मागचा जवळजवळ सरळ रेषेत. मागचा सरळ चालतोय म्हणजे कन्व्हर्टर काम करतोय, मागचा पण पुढच्यासारखाच नाचायला लागला असता तर पी०४२० आला असता, म्हणजे कन्व्हर्टर कमकुवत. तीस हजारांचा जो पार्ट मला बदलायला सांगितला होता तो ठणठणीत आहे हे मी माझ्या डोळ्यांनी स्क्रीनवर बघितलं.

आणि माझा काढलेला जुना ऑक्सिजन सेन्सर डिकीत खोक्यात पडून होता, तो मी त्यांना दाखवला. त्यांनी वेळ काढून तो लावून बघितला. ग्राफ अगदी तसाच. "हा चांगला आहे ताई, फेकू नका, ठेवा जवळ." ह्या कामाचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

मी विचारलं की चीर बंद झाली तरी सात-आठ टक्के प्लस का राहिलं. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते जुन्या गाडीवाल्यांनी नक्की वाचा. आता पंपावर मिळतं ते ई२० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. आपल्या जिल्ह्यात तर साखर कारखाने आणि इथेनॉल कुणाला सांगायला नको. साध्या पेट्रोलला एक किलो जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९, कारण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो. त्यामुळं ई२० ला हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो, आणि जुन्या पेट्रोलच्या हिशोबावर बनवलेल्या ईसीएमला तेवढ्याच हवेला सात-आठ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. हे ट्रिममध्ये दिसतं आणि एवढ्यानं लाईट येत नाही, गाडी ते सांभाळून घेते. पण लाईट यायची मर्यादा पंचवीसच्या आसपास असेल तर त्यातले सात-आठ आधीच पेट्रोलनं खाल्लेले असतात. पूर्वी बारीकशी गळती गाडी पचवून टाकायची, आता त्याच गळतीला लाईट पेटतो. म्हणजे इथेनॉलमुळंच लाईट आला म्हणणारे पण अर्धेच बरोबर आणि इथेनॉलचा काही संबंध नाही म्हणणारे पण अर्धेच बरोबर. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे पार्ट ई२० ला चालतील असे दिलेत, त्याआधीच्या गाड्यांचं रबर आणि सील अधूनमधून बघत राहायला लागणार, आणि हे कुणी आपल्याला पंपावर सांगत नाही.

आणखी एक माहिती इथंच कळली. एप्रिल २०१० मध्ये गाड्यांच्या प्रदूषणाचे बीएस-४ नियम देशात पहिल्यांदा ज्या मोजक्या शहरांत लागू झाले त्यात दिल्ली, मुंबई, पुण्याबरोबर आपलं सोलापूर पण होतं, बाकी देशभर ते टप्प्याटप्प्यानं २०१७ पर्यंत आले. म्हणून २०११ची सोलापूर पासिंगची गाडी बीएस-४ आणि तिच्यात ओबीडीचं, म्हणजे गाडीनं स्वतःच बिघाड ओळखायच्या सिस्टिमचं, स्कॅनर लावायचं सॉकेट. पण ओबीडी-२ आपल्याकडं सक्तीचं झालं एप्रिल २०१३ पासून. त्यामुळं त्याच्या आधीच्या काही गाड्यांत सॉकेट तेच सोळा पिनचं दिसतं पण स्वस्तातला स्कॅनर लावला तर कनेक्टच होत नाही, किंवा कोड दिसतो आणि ट्रिम-ग्राफ दिसत नाहीत. माझ्या गाडीत सगळं दिसलं. तुमच्या गाडीत दिसेल का ते आधी फोन करून मॉडेल-वर्ष सांगून विचारा.

काम झाल्यावर लगेच लाईट गेला म्हणून खूश होऊ नका असं पण सांगितलं. कोड उडवला की गाडीच्या आतल्या स्वतःच्या चाचण्या, ज्यांना रेडीनेस मॉनिटर म्हणतात, त्या पण शून्यावर येतात, आणि गावातलं थोडं, हायवेचं एकसारख्या स्पीडचं थोडं, थंड गाडी चालू करणं असं सगळं झाल्यावर त्या पूर्ण होतात. त्यानंतर परत दाखवायला बोलावलं, पैसे न घेता. मी गेले, सगळे मॉनिटर पूर्ण, पेंडिंगमध्ये, म्हणजे लाईट लागायच्या आधीच्या नोंदीत, पण कोड नाही, ट्रिम सात. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, लाईट परत आलेला नाही. ॲव्हरेज थोडं सुधारलंय, फार मोठा फरक म्हणणार नाही.

बिल असं झालं. तपासणीचे ६०० रुपये, ह्यात स्कॅन आणि धुराची टेस्ट दोन्ही, पाईप ३४०, छोट्या नळ्या ९०, मजुरी २५०. एकूण १,२८०. तपासणीचे सहाशे ऐकून शेजारी उभा असलेला एकजण म्हणाला, नुसतं बघायचे सहाशे? मला उलट वाटतं की हेच पैसे सगळ्यात कामाचे. बघायचे पैसे कुणी देत नाही म्हणून मिस्त्री लोक पार्ट विकून ते काढतात, आणि मग चांगला सेन्सर डिकीत जाऊन पडतो. गावातल्या चांगल्या मिस्त्रीनं तपासणीचे पैसे हक्कानं मागावेत आणि आपण ते द्यावेत, तरच अशी कामं शिकणारी पोरं पुढं तयार होतील. मामांचा पोरगा आयटीआय करतोय, ट्रिमचे आकडे तोच वाचून दाखवत होता, बरं वाटलं.

आता कमी काय आहे ते पण लिहिते. बसायला जागा नाही, एक प्लास्टिकची खुर्ची आहे ती पण बहुतेक वेळा टूलबॉक्सनं भरलेली, उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली उभं राहणं अवघड होतं, पाण्याची बाटली घेऊन जा. मामा फोन उचलत नाहीत, मिस्ड कॉल बघून संध्याकाळी करतात. गाड्यांची लाईन असते, आज नेली आणि आज मिळाली असं धरू नका. बिल हातानं लिहिलेलं मिळतं, पक्कं पाहिजे असेल तर आधी सांगा. बीएस-६ गाड्यांचं आणि नवीन डिझेलच्या डीपीएफचं, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं, काम ते घेत नाहीत, सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा म्हणतात, चावी कोडिंग पण नाही. जे येत नाही ते नाही म्हणून सांगतात ह्याचा मला त्रास वाटला नाही.

माझ्या हट्टानं त्यांनी एक छोटा ब्लूटूथ स्कॅनर पण सुचवला, ईएलएम३२७ म्हणतात तो, हजाराच्या आत मिळतो, मोबाईलमध्ये टॉर्क ॲप टाकून चालतो. कोड, फ्रीझ फ्रेम, ट्रिम एवढं बघायला पुरेसा आहे. पण नकली खूप आहेत, ब्लूटूथवाला बहुतेक आयफोनला चालत नाही, आणि काम झालं की सॉकेटमधून काढून ठेवायचा, लावून ठेवला तर गाडी बरेच दिवस उभी राहिल्यावर बॅटरी उतरते. मी घेतलाय, महिन्यातून एकदा ट्रिम बघते.

लाईट लुकलुकत असेल तर मात्र हे सगळं सोडा. पेटून राहिलेला पिवळा लाईट म्हणजे जमेल तेवढ्या लवकर दाखवा, चालवत नेता येते. लुकलुकणारा म्हणजे इंजिन मिस मारतंय, न जळलेलं पेट्रोल गरम कन्व्हर्टरमध्ये जातंय आणि तो खरंच जळून जाऊ शकतो, तेव्हा वेग कमी करून सुरक्षित जागी थांबायचं आणि टो करून न्यायची. लाल ऑईलचा लाईट ही वेगळीच गोष्ट, तिथं इंजिन लगेच बंद.

इथं जाणार असाल तर कोड न उडवता जा, आधी कुठले पार्ट बदललेत त्याची बिलं घेऊन जा आणि जमलं तर काढलेले जुने पार्ट पण. सकाळी दहाच्या आत गाडी पोचवली तर थंड आणि गरम दोन्ही वेळचे आकडे त्याच दिवशी बघून होतात. रविवारी बंद.